पाणंदीतली हाक

“म्हातारे, तू उद्यापासनं येऊ नको,” सुभद्राकाकूंनी माझ्या वर्गात, माझ्यादेखत आणि मला न विचारता निकाल देऊन टाकला.

ठमाबाई पाटी पुसत होती. तिनं मान वर केली नाही. पदराच्या टोकानं पाटीचा कोपरा घासता घासता ती म्हणाली, “मी यीन.”

“यीन काय? शेलारांच्या विहिरीवर ठसे निघाले, ऐकलं न्हाईस का? एवढा पंजा!” काकूंनी बोटं फाकून दाखवली. “तुला पाणंदीत उचललं म्हंजी उद्या ह्या खोलीला कुलूप लागंल. तुझ्यापायी आमचं बी शिकणं बंद.”

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीची पानं चाळू लागले. खरं सांगायचं तर काकू जे बोलल्या ते मलाच म्हणायचं होतं, पण धीर होत नव्हता.

मी जात्याच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला भिते. “आमची वैजू सावलीलासुद्धा आधी वाट देते,” असं माझे वडील, अण्णा, चारचौघांत सांगायचे. अशी मी, बी.ए. होऊन लग्न ठरेपर्यंत घरी बसलेली, एका संस्थेच्या साक्षरता वर्गाची बाई झाले होते. पगार नव्हता. शिकवायचंही फुकट आणि शिकायचंही फुकट. वर्ग भरायचा गावाच्या कडेला, दूध संकलन केंद्राच्या मागच्या खोलीत. बायका संध्याकाळी दूध घालायला तिथं येतच असत. किटली रिकामी झाली की त्याच पावली वर्गात बसत. दिवसा शेतातून सुटका नाही आणि रात्री चुलीपुढून नाही, त्यामुळे दिवेलागणीची तेवढी वेळ हाताशी होती. खोलीला नासक्या दुधाचा वास यायचा. लाईट गेली की कंदील लावून आम्ही बाराखडी म्हणायचो.

त्या वर्षी आमच्याकडे चहूबाजूंनी ऊस उभा होता आणि उसात बिबटे होते. त्यांची पिल्लं उसातच जन्मायची, उसातच मोठी व्हायची. दिवे लागल्यावर त्याचं नाव कुणी काढत नसे, नुसतं ‘जनावर’ म्हणायचं. संध्याकाळी उसातनं जायची वेळ आलीच तर एकट्यानं जाऊ नये, गप्प जाऊ नये, मोठमोठ्यानं बोलत, किटली वाजवत जावं. आणि काहीही झालं तरी वाकू नये. वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. हे आमच्याकडे लेकराला चालायला लागल्याबरोबर शिकवतात.

बाकीच्या बायका गावातल्याच, हाकेच्या अंतरावरच्या. ठमाबाई उघडे एकटी लांबून यायची, कालव्यापलीकडच्या ठाकरवाडीहून. मध्ये सगळी पाणंद, म्हणजे बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. ठमाबाईचं घर आमच्याकडं नवीन होतं. दिवाळीच्या आधी ती, तिचा मुलगा लक्ष्मण आणि सून हौसा घाटाकडच्या कुठल्याशा खोऱ्यातून मजुरीला आले आणि वाडीतल्या नातलगांच्या शेजारी झोपडी घालून राहिले. ती दिसायला काडी, डोळ्यांत पाणी साचलेलं, वय विचारलं तर “लई” म्हणायची. हातात काठी आणि तेलाचा एक रिकामा डबा. तो बडवत ती यायची आणि तो बडवत जायची.

अभ्यासात तिची गत काही बरी नव्हती. अक्षरं शिकायची, पण गोगलगायीच्या चालीनं. त्यात एक हट्ट. प्रत्येक बाईला मी आधी तिचं स्वतःचं नाव लिहायला शिकवलं, की हजेरीवर अंगठ्याऐवजी सही यावी. ठमाबाईची पाळी आली तेव्हा तिनं पाटी बाजूला सारली.

“मपलं नको.”

“का आजी? स्वतःचं नाव लिहावंसं वाटत नाही?”

“मपलं नाव समद्यांच्या तोंडी हाय. ठमे, ठमाबाय, आजे. ते काय जातंय कुठं? तू मला समदी अक्षरं शिकिव. नाव मंग बघू.”

‘मपलं’ म्हणजे माझं. आमच्या भागात असंच बोलतात. पण नको का, ते काही तिनं सांगितलं नाही. सगळ्या बायका वळणदार नसली तरी सही करू लागल्या आणि ठमाबाई शाईच्या डबीत अंगठा बुडवत राहिली.

हे ताम्हाणे सरांच्या नजरेतून सुटणार नव्हतंच. सर म्हणजे निवृत्त शिक्षक, आमच्या तालुक्यातल्या वर्गांवर देखरेख ठेवायचे, तेही बिनपगारी. लूनावर बसून, कानाला मफलर गुंडाळून यायचे. सुभद्राकाकूंनी निकाल दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले आणि बायका यायच्या आधी मला ओट्यावर उभं करून बोलले.

“वैजयंती, शेलारांच्या दोन्ही सुनांना यायचंय. जागा आहे?”

“खोलीत माणूस मावत नाही, सर. पाट्याही नाहीत.”

“मग बघ. आपलं शिकवणं फुकट आहे, पण म्हणून ते स्वस्त नाही. खिरीची वाटी एक आणि खाणारी तोंडं दहा असली की आधी कुणाला भरवायचं ते ठरवावं लागतं. ती पोरं विशीतली आहेत. उद्या बचत गट चालवतील, मुलांचा अभ्यास घेतील. आजीबाईंचं काय? इतके दिवस झाले, अजून अंगठा. उपयोग काय त्यांना?”

मी ओट्यावरची धूळ पायानं सारत राहिले.

“मी वाईट माणूस नाही गं,” सर मफलर सोडत म्हणाले. “मलाही वाईट वाटतं. पण वर आता हे जनावर. बाईला काही झालं तर आपण कुणाला तोंड दाखवायचं? गोडीनं सांग. शनिवारपासून त्यांची पाटी शेलारांच्या सुनेला दे.”

सरांचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही सगळं चुकत होतं असं म्हणवत नाही. मला फक्त ते सांगायचं काम नको होतं. चारचौघींत सांगितलं तर म्हातारीचा अपमान होणार आणि सुभद्राकाकूंना चेव चढणार. म्हणून मी ठरवलं की वर्ग सुटल्यावर तिला कालव्यापर्यंत पोहोचवायला जावं आणि वाटेत, कुणी नसताना, सांगून टाकावं. कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची चौकी होती. तिथून पाटकऱ्याला सोबत घेऊन परत यायचं. डेअरीच्या सेक्रेटरीला तसं सांगितलं आणि अण्णांची बॅटरी घेतली.

हे सगळं ठरवताना ऊन होतं. उन्हात मी बरीच शूर असते.

वर्ग सुटला तेव्हा पश्चिमेकडे नुसती तांबूस रेघ उरली होती. थंडीचे दिवस, त्यात कालव्याचं धुकं. पाणंदीच्या तोंडाशी आलो आणि मी बॅटरी लावली. आत ऊस इतका दाट की वाट गुहेसारखी दिसत होती. उसाची पाती दोन्हीकडून वाकून अंगाला लागत होती, आणि वारा नसताना मध्येच कुठंतरी सळसळ व्हायची.

“तू कशाला आली गं?” ठमाबाई म्हणाली.

“सहज. तुमच्याशी बोलायचं होतं.”

“मंग मोठ्यानं बोल. हितं बारीक बोलाया बंदी हाय.” आणि तिनं डबा बडवायला सुरुवात केली.

मोठ्यानं बोलायचं म्हटल्यावर गोड शब्द सुचेनात. ‘तुम्ही येऊ नका’ हे ओरडून कसं सांगायचं? मी दुसरीकडून सुरुवात केली. “आजी, मीच दुपारची तुमच्या वाडीवर आले तर? आठवड्यातून दोनदा. तुम्हाला ही वाट तुडवायला नको.”

“नको.”

“का? अक्षरं नकोत?”

“अक्षरं पायजेत. पन चालत यिऊन पायजेत.”

“अहो, पण ह्या वाटेनं? तुम्हाला भीती नाही वाटत?”

ती थांबली. डबा वाजायचा थांबला तशी चहूकडची शांतता एकदम अंगावर आली.

“भ्या लई वाटतं,” ती म्हणाली. “भ्या वाटतं म्हनून तर मोठ्यानं बोलाया मिळतं.”

हे काय उत्तर झालं, ते मला कळलं नाही. म्हातारी जरा भ्रमिष्ट आहे की काय, अशी शंका मात्र आली. ती शंका पुढच्या वळणावर पक्कीच झाली. कारण ठमाबाईनं मान मागं वळवली, रिकाम्या वाटेकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली, “सगुणे! ए सगुणे! मागं रेंगाळू नको गं! चल बिगीबिगी!”

मी बॅटरी मागं मारली. वाटेवर धुकं होतं, दुसरं काही नव्हतं.

“सगुणे, पायात काटा मोडंल, वाटंच्या मधून चाल! हात धर मपला!”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडेही माणसं असं करतात. एकटा माणूस उसातून जाताना चार जणांची नावं घेत जातो, की जनावराला वाटावं, बरीच मंडळी आहेत. म्हातारीची युक्ती ती! मला हायसं वाटलं. युक्तीला आपलाही हातभार लावावा म्हणून मीही घसा ताणून ओरडले, “सगुणा! ए सगुणा, चल लवकर!”

ठमाबाई जागच्या जागी उभी राहिली. अंधारात तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. तिनं माझा दंड धरला.

“पुन्यांदा म्हन.”

“काय?”

“आत्ता म्हनलीस ते. पुन्यांदा म्हन.”

“सगुणा,” मी म्हणाले. “ए सगुणा.”

तिनं दंड सोडला नाही. अंधाराला भ्याली असेल, असं मी मनाशी म्हटलं. तिला सांगायचं ते आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात रातकिडे थांबले.

रातकिडे थांबणं म्हणजे काय ते उसातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मघापासून कानात भरून राहिलेला तो आवाज कुणीतरी दोरी ओढावी तसा बंद झाला. डाव्या हाताच्या उसात एक पातं मोडलं. मग थोडं पुढं आणखी एक. काहीतरी आमच्या बरोबरीनं चालत होतं आणि आम्ही थांबलो तसं तेही थांबलं होतं. ओल्या घोंगडीसारखा उग्र वास आला.

माझी पाचावर धारण बसली. बॅटरी हातात नाचायला लागली आणि त्या नाचणाऱ्या उजेडात, वाटेच्या कडेला, उसाच्या बुडाशी मला दोन हिरवट ठिपके दिसले. जमिनीलगत. हलत नव्हते. मी किंचाळले की नुसतं तोंड उघडलं, आठवत नाही. बॅटरी हातातून सुटली, खाली पडली आणि गडगडत उलट्या तोंडानं थांबली. उजेड गेला भलतीकडे. ते ठिपके दिसेनासे झाले.

अंधारात उजेडाकडे हात जातो. मी बॅटरी उचलायला खाली झुकले.

“वाकू नको!”

ठमाबाईनं माझी वेणी धरून मला असं वर ओढलं की मानेत कळ आली. त्या काडीएवढ्या बाईत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. “वाकू नको! वाकू नको गं! उभी ऱ्हा सगुणे, ताठ उभी ऱ्हा!” ती ओरडत होती आणि मला तिनं स्वतःच्या पाठीशी घातलं होतं. एका हातानं माझी वेणी, दुसऱ्या हातानं डबा वर धरून ती तो स्वतःच्या डोक्यावर आपटत होती, कारण काठी कुठंतरी पडली होती. “सगुणे! सगुणे! सगुणे!”

मीही ओरडत होते. तिच्याबरोबर तेच नाव ओरडत होते, कारण दुसरा शब्दच सुचत नव्हता. मला वाटत होतं, आता मान, आता पाठ, आता. किती वेळ गेला देव जाणे. मग उसातून मोठ्यानं सळसळ झाली, पाती दुभंगत गेली आणि तो आवाज आमच्यापासून दूर, विहिरीच्या दिशेनं गेला. आम्ही तरीही ओरडतच होतो. शेवटी एक रातकिडा बोलला. मग दुसरा.

ठमाबाईनं पायानं बॅटरी पुढं ढकलत ढकलत कालव्याच्या उघड्यावर आणली आणि तिथं, दोघींनी पाठीला पाठ लावल्यावर, मी ती उचलली. चौकीला कुलूप होतं. मागं फिरणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही पूल ओलांडून वाडीकडे निघालो. बोलत राहावं म्हणून मी विचारलं, “आजी, सगुणा कोण?”

वाडीचे दिवे समोर दिसत होते. तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला पाटीच्या पेन्सिलीचा वास होता.

“हितं न्हाई,” ती कुजबुजली. “पुलाच्या अल्याड न्हाई घ्यायचं ते नाव.”

एका बाभळीखाली तिनं मला थांबवलं. आणि मघाशी आकाश डोक्यावर घेणारी ती बाई इतक्या हळू बोलायला लागली की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

“मपली नात. लक्ष्मणाची पोर. तिकडं खोऱ्यात व्हतो तवाची गोष्ट. बोरं येचत व्हती गं. वाकली व्हती. म्या हाकंवर व्हते, नुसत्या हाकंवर.” तिनं वाडीच्या दिव्यांकडे पाहिलं. “सुनंनं अंथरूण धरलं. नाव कानावर आलं का आंग टाकायची, दातखीळ बसायची. मंग लक्ष्मण म्हनला, घरात तिचं नाव काढायचं न्हाई. कुनीच काढत न्हाई. सोयरंधायरं बी काढत न्हाईत. गाव सोडलं ते त्याच्यापायीच. बाई, मानूस जातं पर नाव ऱ्हातं म्हनत्यात ना? आमच्या घरातनं नाव बी उचलून न्हेलं.”

तिनं पुलापलीकडे, उसाकडे मान वळवली.

“पाणंदीत मातुर मोठ्यानं बोलावंच लागतं. तितं कोन इचारतंय कुनाला हाक मारती? जाताना संगं न्हेते, येताना संगं आनते.”

आता मला कळलं की मी किती शहाणपणानं, किती दयेनं तिची ती वाट बंद करायला निघाले होते. “मग अक्षरं कशाला शिकता, आजी?” मी विचारलं.

“हाक उसात मारता येती. घरात न्हाई.” तिनं माझ्याकडे पाणावल्या डोळ्यांनी पाहिलं. “लिवलं तर आवाज व्हत न्हाई ना, बाई?”

झोपडीच्या दारात हौसा उभी होती. अंगानं वाळलेली, माझ्याच वयाची पोर. तिनं मला बिनदुधाचा चहा दिला, एक शब्द बोलली नाही. मी इतकी घाबरलेली होते की मघाचं नाव चुकून माझ्या तोंडून निसटेल, या धास्तीनं मी चहासुद्धा तोंड न उघडता प्यायला बघत होते. थोड्या वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला. सेक्रेटरीनं सांगितलं म्हणून अण्णा माणसं घेऊन शोधत आले होते. वाटभर ते मला रागावत होते आणि मध्येच माझ्या डोक्यावर हात ठेवून बघत होते, मी आहे ना म्हणून.

शनिवारी ताम्हाणे सर आले. पाटी अजून ठमाबाईच्याच हातात पाहून त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“सांगितलं नाहीस?”

“नाही, सर. त्या येणार.”

“आणि उपयोगाचं मी विचारलं होतं.”

“उपयोग आहे. काय आहे ते सांगता येणार नाही.” माझा आवाज कापत होता, पण निघत होता. “जागा नसेल तर माझ्या घरच्या ओट्यावर शिकवीन. पण शिकवीन.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी कुणाला उलट बोलले नव्हते. “भित्री मुलगी हट्टाला पेटली म्हणजे काहीतरी असणार,” ते शेवटी म्हणाले आणि मफलर गुंडाळू लागले. “शेलारांच्या सुनांना मी घरच्या दोन पाट्या आणून देतो. दाटीवाटीनं बसा.” सुभद्राकाकूंनी नाक मुरडलं, पण सरकून जागा दिली.

त्या संध्याकाळी मी ठमाबाईच्या पाटीवर तिच्या नातीचं नाव काढून दिलं. तोंडानं उच्चारलं नाही. तिनं बोटानं एकेक अक्षर गिरवलं, स, गु, णा, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानंतर तिला दुसरं काही शिकवावं लागलं नाही. ती रोज पाणंदीतून यायची, कोपऱ्यात बसून तेवढंच लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. घरी जाऊन भिंतीवर, चुलीच्या वरच्या अंगाला, चुन्याच्या खड्यानं लिहायची. मी एकदा तिकडे गेले तेव्हा पाहिलं. त्या तीन अक्षरांखाली बसून हौसा भाकरी थापत होती. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं एवढाच काय तो आडोसा.

आणि मग एक दिवस तो आडोसाही गेला.

पौष संपत आला होता. ठमाबाई दारातून आत आली आणि तिच्या मागून, पदर दातात धरून, हौसा आली. ठमाबाईच्या चेहऱ्यावर मी पाणंदीतसुद्धा पाहिलं नव्हतं असं भय होतं.

“बसा,” मी म्हणाले. “काय शिकायचंय?”

“आत्याबाय भितीवर लिवत्यात ते,” हौसा म्हणाली.

खोलीत कुणाला काही समजलं नाही. बायका आपापल्या पाटीत डोकं घालून होत्या. मी ठमाबाईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. मला ती दातखीळ आठवली, अंथरूण धरलेलं आठवलं. हिला आता इथं काही झालं तर? नाही म्हणावं? आधी तुमचं स्वतःचं नाव शिकवते म्हणावं? जिभेच्या टोकाशी आलं होतं. पण कुणी काय शिकावं आणि कुणी शिकू नये, हे ठरवायला मी एकदा निघाले होते, आणि ती वाट मला उसात घेऊन गेली होती.

“भित सारवताना म्या तेवढी जागा सोडून सारवते,” हौसा खाली बघत म्हणाली. “हात जात न्हाई त्याच्यावर.”

मी नवी पाटी घेतली. मी स काढला. पुढचं काढणार, तेवढ्यात हौसानं माझ्या हातावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ द्या, बाई,” ती म्हणाली. “म्होरलं मला ठावं हाय.”

तिनं अंग टाकलं नाही. ती पाटी छातीशी धरून वर्ग सुटेपर्यंत तशीच बसून राहिली आणि ठमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. किटल्या उचलून बायका गेल्या. सासू-सुना निघाल्या. मी ओट्यावर कंदील घेऊन उभी राहिले. दोघी पाणंदीच्या तोंडाशी पोहोचल्या, धुक्यात शिरल्या, दिसेनाशा झाल्या. डबा वाजायला लागला. मग ठमाबाईची नेहमीची हाक आली. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. थोडा वेळ नुसताच डबा वाजला.

आणि मग दुसरा आवाज आला. बरेच दिवस न वापरलेला, चिरकलेला, तरुण आवाज.

“सगुणे! ए सगुणे, चल गं बाय, घरला चल!”

दोन्ही आवाज कालव्याच्या पुलापर्यंत ऐकू येत होते. तिथं ते थांबतील म्हणून मी वाट पाहत राहिले. पूल गेला असावा, इतका वेळ झाला. ते थांबले नाहीत.